हुंकार कोणाचा?

आमच्या वऱ्हाडात कहाणी सांगणाऱ्याची एक अट असते: ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की कहाणी थांबली. लहानपणी आम्ही भावंडे आजीच्या वाकळेत शिरून कहाणी ऐकत असू, तेव्हा मोठी म्हणून हुंकाराचे काम माझ्याकडे असे. आणि आता कबूल करायला हरकत नाही, की पुष्कळदा मी अर्ध्या झोपेत, राजाची कितवी राणी कुठल्या वनात गेली याचा पत्ता नसतानाही, नेमाने 'हूं' म्हणत असे. आजी बिचारी सांगत राही. हुंकार देणारी केव्हाच झोपेच्या गावाला गेली आहे, हे तिला अंधारात कसे कळावे?

अभिमन्यूची गोष्ट तर आपण सगळेच ऐकत आलो आहोत. श्रीकृष्ण सुभद्रेला चक्रव्यूहाची हकीकत सांगत होता. ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. तरी हुंकार येतच राहिला. तो पोटातले बाळ देत होते, हे ध्यानात आले तेव्हा कृष्णाने कथा तिथेच थांबवली. या गोष्टीवरून गर्भसंस्काराचे तात्पर्य काढायची आपली रीत आहे, आणि वर्गात मीही ते वर्षानुवर्षे काढीत आले. पण अलीकडे त्या कथेतला एक निराळाच धागा मला दिसू लागला आहे. सांगणारा साक्षात श्रीकृष्ण; आणि त्यालाही काही वेळ कळले नाही, की हुंकार येतो आहे खरा, पण तो देतो आहे कोण!

हा धागा मला कुणा पंडिताने दाखवला नाही. माझ्या भावाच्या मुलीने दाखवला, आणि तोही तिला एक शब्द बोलता येत नव्हता तेव्हा.

मी मॅट्रिक. दहावी म्हणायला हवे, पण आमच्या घरात तो शब्द अजून रुळलेला नाही. गेली वीस वर्षे बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खाजगी शाळेत बालवर्ग आणि पहिली-दुसरीची मुले सांभाळते, आणि रात्री सगळे निजले की कादंबऱ्या लिहिते. म्हणजे दिवसा बोलायचे आणि रात्रीही बोलायचेच. ऐकण्याचा अभ्यास कमी. शास्त्रातले काही सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ही गोष्ट माझ्या घरात घडली आणि तीत माझा वाटा आहे, म्हणून सांगते.

दिवाळीला यायची ती मुलगी गणपतीतच आली. सात आठवडे आधी. वजन जेमतेम पावणेदोन किलो. तिसऱ्या दिवशी कावीळ चढली; निळ्या दिव्याखाली ठेवले, तरी उतरेना, तेव्हा रक्त बदलावे लागले. अठरा दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि माझी भावजय पेटीच्या बाहेर, भिंतीला टेकून. घरी पाठवताना कुणीतरी एक छोटे यंत्र आणून तिच्या कानात बोंडूक घातले, दोन मिनिटांत कागद निघाला. घरातली शिकलेली म्हणून तो कागद मी वाचून दाखवला: उजवा कान पास, डावा कान पास. माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली.

मग नवरात्रात बारसे झाले. आत्याचा मान माझा. पाळण्यावर वाकून मी तिच्या कानात 'कुर्र' केले आणि तिचे नाव सांगितले. जगातला पहिला शब्द, तिचा स्वतःचा, मी तिच्या कानात घातला, अशा समजुतीत मी होते. (ते नाव इथे लिहीत नाही. ती मोठी झाली म्हणजे आपले नाव कुणाला सांगायचे ते तिचे तिने ठरवावे.) पुढे लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावला, तेव्हा ती दोन्ही हात पसरून दचकली आणि रडली. आम्ही सगळे हसलो. कान तिखट आहेत पोरीचे, असे आई कौतुकाने म्हणाली.

शंका पहिल्यांदा घेतली ती भावजयीने, मूल पाच महिन्यांचे असताना. ती फार शिकलेली नाही आणि फार बोलतही नाही. चुलीपाशी बसल्या बसल्या एक दिवस मला म्हणाली, "ताई, तिले आयकू येते, पण आयकलं ते तिले उमजत नाही. मी गाणं म्हटलं काय अन् भांडे घासले काय, तिले सारखंच."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हूं. बघू."

आई म्हणाली, "लेकरं उशिरा बोलतात. तुझा नवरा तीन वर्षांचा होईस्तोवर मुका होता." भाऊ म्हणाला, "कागदावर पास लिहून आलं नं?" आणि मी एक दिवस पितळी थाळी आणि पळी घेऊन मुलीच्या पाठीमागे उभी राहिले. ठणकन् आवाज केला. मुलीने मान वळवली. "झालं समाधान?" मी विजयी मुद्रेने विचारले. भावजय काही बोलली नाही. तिचे गप्प राहणे हा मी तिचा होकार धरला. पुढच्या आठ महिन्यांत तिने तीच गोष्ट आणखी किती वेळा सांगितली, मी मोजलेले नाही. प्रत्येक वेळी घरातून तिला हुंकार मिळाला, हे मात्र खरे.

शेवटी ती मला म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या आहात. एकदा माझ्यासंगं मुंबईला चला."

वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे; १९८३ साली निघालेली, वाचा आणि श्रवण यांच्या दोषांसाठी. तिथे जायचे ठरले. येताना मुलीला रात्रभर जागे ठेवा, असा निरोप मिळाला होता. कारण तपासणी गाढ झोपेत करायची असते. आम्ही बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरला आलो आणि रात्रीची गाडी धरली. जागवण्याचे काम आम्ही वाटून घेतले होते. माझी पाळी आली तेव्हा मी तिला गाणी म्हटली, हाका मारल्या, चाव्यांचा जुडगा वाजवला. जुडगा वाजवला की ती बघे. नाव घेतले की तिची नजर माझ्या तोंडाकडे नव्हे, डब्यातल्या दिव्याकडे जाई. तेरा महिन्यांत ते नाव मी तिच्यासमोर हजार वेळा घेतले असेल. त्या रात्री पहिल्यांदा मी ते घेऊन थांबले आणि पाहिले. गाडी कसाऱ्याला येईपर्यंत भावजयीचे ते चुलीजवळचे वाक्य मला कळून चुकले होते.

तिथली श्रवणतज्ज्ञ एक तरुण मुलगी होती. यंत्राला हात लावण्याआधी ती बराच वेळ नुसते विचारीत होती, आणि मला नव्हे, भावजयीला. मी दोनदा मध्ये बोलले. दुसऱ्यांदा ती हसून म्हणाली, "ताई, आईंना बोलू द्या." भावजयीने तेच वाक्य पुन्हा सांगितले. त्या मुलीने ते कागदावर जसेच्या तसे उतरून घेतले, 'तिले'सकट. घरातल्या आम्हा कुणालाही तेरा महिन्यांत तसे सुचले नव्हते.

मग जे कळले ते मला समजले तसे सांगते. आवाज कानात शिरतो, पडदा हलतो, पडद्यामागची तीन चिमुकली हाडे हलतात, आणि ते कंपन गोगलगायीच्या शंखासारख्या एका नळीत पोचते. त्या शंखात केसाळ पेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या रांगांतल्या सुमारे १२,००० पेशी आवाज उचलून धरतात, त्याला धार आणतात. आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० पेशी तो नसेच्या हवाली करतात. आणि नसेचे सुमारे ३०,००० तंतू तो मेंदूकडे नेतात.

१९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञाने एक नवलाची गोष्ट दाखवली. कान नुसता ऐकत नाही. तो उलट उत्तरही देतो. कानात बारीक टिचकी सोडली की बाहेरच्या रांगांतल्या पेशी स्वतः थरथरतात आणि त्यांचा अगदी क्षीण पडसाद कानातून बाहेर येतो. तो टिपणारे यंत्र म्हणजेच आमच्या मुलीच्या कानात घातलेले ते बोंडूक. बाळ झोपलेले असले तरी चालते, काही मिनिटांत काम होते, म्हणून नवजात बाळांसाठी ते जगभर वापरतात, आणि योग्यच करतात. पण ते टिपते काय? कानाचा हुंकार! बाहेरच्या रांगेने 'हूं' म्हटले, एवढेच ते सांगते. त्या रांगेच्या पलीकडे निरोप पोचला की नाही, हे त्याला विचारलेलेच नसते.

ते विचारणारी तपासणी निराळी. १९७१ साली ज्युएट आणि विलिस्टन यांनी डोक्याला चिकटवलेल्या तारांतून माणसाच्या नसेचा आणि मेंदूच्या देठाचा प्रतिसाद टिपून दाखवला. टिचकी वाजल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागात उठणाऱ्या लहान लहान लाटांची ती रांग असते. बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवतात, कानात हजारो टिचक्या सोडतात आणि उत्तरांची सरासरी काढतात. आमची मुलगी गाढ झोपली होती. रेघ उमटत होती. भावजय पडद्याकडे पाहतच नव्हती; ती मुलीकडे पाहत होती.

रेघेत सुरुवातीला काही लाटा दिसल्या. मला वाटले, आहे, नस जागी आहे! मग त्या मुलीने टिचकीची दिशा उलटी केली. आधी पडदा आत ढकलणारी होती, ती बाहेर ओढणारी केली. असे केले की पेशींचा पडसाद आरशातल्या चित्रासारखा उलटतो; नसेची लाट तशी उलटत नाही. पडद्यावरची रेघ सगळीच्या सगळी उलटली. म्हणजे जे दिसत होते ते पेशींचेच होते. नसेची म्हणावी अशी लाट त्यात एकही नव्हती.

हुंकार कोणाचा, हे ओळखण्याची ही युक्ती पाहून मी थक्क झाले. पुढे कळले, की इथे मोठमोठे शास्त्रज्ञही एकदा फसले आहेत. १९३० साली अमेरिकेत वेव्हर आणि ब्रे यांनी मांजराच्या कानाच्या नसेवर तार लावून तीतून आवाज ऐकला आणि हा नसेचाच आवाज असे धरले. त्यातला बराचसा पेशींचा होता, हे मागाहून उलगडले. तेव्हा श्रीकृष्णाच्या पंक्तीला आणखीही माणसे आहेत, आणि पितळी थाळी घेतलेली एक मॅट्रिक आत्याही आहे.

या विकाराला ऑडिटरी न्यूरोपॅथी असे नाव १९९६ साली अर्नोल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. दहा रुग्णांच्या अभ्यासावरून. म्हणजे मी शाळेत जात होते तेव्हा या दोषाला नावही नव्हते. कायमचा श्रवणदोष असलेल्या मुलांत सुमारे दहांतल्या एकाला हा असावा, असा अंदाज सांगतात. त्यात नसेचे तंतू सगळे मेलेलेच असतात असे नाही. माझ्या शाळेतल्या उपमेने सांगायचे, तर सव्वीस जानेवारीच्या लेझीमसारखे ते आहे. चाळीस मुलांच्या हातांत लेझीम आहे, चाळीसही जण ती वाजवीत आहेत. पण प्रत्येकजण आपापल्या वेळेला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला गलबला ऐकू येतो. ताल ऐकू येत नाही. बोलण्यातली अक्षरे ओळखायची तर सेकंदाच्या हजाराव्या भागांचा हिशेब लागतो. तेवढा ताल तुटला, की फटाका ऐकू येतो, थाळी ऐकू येते, आणि आईचे गाणे व भांडे घासणे सारखेच वाटते.

भावजयीने चुलीपाशी बसून निदान केले होते. आम्ही तिला शास्त्र सांगत होतो.

वाचकहो, इथे मी यंत्राला दोष देत नाही, आणि ते लावणाऱ्या माणसांनाही देत नाही. मुदतीआधी जन्मणे, कावीळ मेंदूच्या नसांपर्यंत चढणे, प्राणवायू कमी पडणे, ही या विकाराची ठाऊक असलेली कारणे आहेत. म्हणून अशा काचेच्या पेटीत पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळाला हुंकाराची नव्हे, नसेची तपासणी करा, असे अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने २००७ साली सांगून ठेवले आहे. ते सर्वत्र पाळले जाईल तो सुदिन. पण माझा प्रश्न त्या कागदाचा नाही. कागदाने त्याला विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले होते. त्या उत्तरावर, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून, आम्ही घरातली माणसे निर्धास्त झोपलो. आणि जी एकटी झोपली नव्हती तिलाही झोप म्हणून सांगत राहिलो.

परत आल्यावर आईने विचारले, "इतक्या लवकर कळून करायचं काय? एवढ्याशा लेकराच्या कपाळी आतापासून कशाला काही लिहायचं?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन कपाळी लिहून जाते, ते कुणी वाचू नये आणि कुणाला पुसता येऊ नये. निदानाचा कागदही आईला तसाच वाटला. बालवयात एकदा चिकटलेले नाव किती घट्ट बसते, हे शिक्षिका म्हणून मलाही माहीत आहे. 'बहिरी' हा शब्द एकदा गल्लीत गेला की परत येत नाही.

पण मी विचार करीत गेले तसे मला वाटले, हा कागद सटवाईच्या अगदी उलट आहे. तो लिहिलेले पक्के करायला नव्हे, शाई ओली असताना वाचायला असतो. बाळ आईच्या पोटात सहाव्या महिन्याच्या सुमारास ऐकू लागते. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच ते आपल्या आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजातून निवडते. हे १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी प्रयोगाने दाखवले. भाषा शिकणे असे पाळण्याच्याही आधी सुरू झालेले असते. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या मुलांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला आणि ज्यांना लगेच मदत मिळाली त्यांची भाषा, उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टच सरस होती. म्हणून तज्ज्ञ एक-तीन-सहा असा पाढा सांगतात: एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय. आमच्या घरी हा पाढा कितीवर आला? तेरावर. मधले आठ महिने भावजयीचे नव्हते. ते माझ्या हुंकाराचे होते.

लवकर कळावे हे खरे, पण कळल्यावर घाई करावी, हे या विकारात खरे नाही. कावीळ झालेल्या आणि मुदतीआधीच्या काही बाळांत पहिल्या वर्षा-दीड वर्षात नस हळूहळू सावरते. शिवाय दोन मुलांच्या रेघा सारख्याच सपाट असल्या, तरी एकाला बरेच ऐकू येते आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे होऊ शकते. मूल किती ऐकते, हे ती रेघ सांगू शकत नाही. ते मुलाच्या वागण्यावरूनच, दिवसेंदिवस बघून ठरवावे लागते. आणि दिवसेंदिवस बघणार कोण? श्रवणतज्ज्ञ मुलीने भावजयीच्या हाती एक वही दिली: काय वाजले, ती कशाला वळली, कशाला वळली नाही, रोज लिहा. गंमत पाहा. इतकी यंत्रे झाल्यावर प्रश्न फिरून पुन्हा आईपाशीच आला. मी भावजयीला ती वही आखून दिली. लिहीत ती होती.

दुसऱ्याच्या कानाने आपल्याला ऐकता येत नाही. समोरच्याला काय ऐकू आले, हे जगातल्या कुठल्याच माणसाला थेट कळत नाही. खुणांवरून ताडायचे, एवढेच आपल्या हाती. खूण पाहून 'पोचले' म्हणण्याची आपल्याला घाई असते, कारण पोचले नसेल तर पुढचे काम आपल्यावर येते. मला वाटते, नीतीचा प्रश्न इथेच आहे. थाळी वाजवताना मला मुलीचे कान तपासायचे नव्हते. मला भावजयीचे तोंड बंद करायचे होते. दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

आपल्या मराठीत 'ऐकणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कानावर पडणे हा एक, आणि मोठ्यांच्या आज्ञेत राहणे हा दुसरा. 'पोरगं ऐकत नाही' ही तक्रार घेऊन जे पालक शाळेत येतात ते कानाची तक्रार करीत नसतात. या एका शब्दाने किती मुलांना मार बसला असेल! माझ्या वर्गात बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा होता. एकटा माझ्या टेबलाजवळ असला की सगळे समजायचा. वर्ग भरला, गलका झाला, की शून्यात बघायचा. मी त्याला हाक मारली तर वळायचा, म्हणजे ऐकू येत होते; सांगितलेले करीत नव्हता, म्हणजे ऐकत नव्हता. मी त्याला कितीदा बाकावर उभे केले. तिसरीत त्याची शाळा सुटली. त्याला काय होते हे मला आज सांगता येणार नाही, आणि अमुकच होते असे म्हणणे ही पुन्हा एक थाळीच होईल. पण शांततेत बोलणे कळते आणि गोंगाटात सांडून जाते, ही या विकाराची एक ठळक खूण आहे, हे वांद्र्याला ऐकले, तेव्हा मला तो बाक आठवला.

आता गोष्टी पुष्कळ बदलल्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासतात, आणि जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. शस्त्रक्रियेने कानात बसवायचे कॉक्लिअर इम्प्लांट २०१४ पासून केंद्राच्या योजनेतून गरिबांच्या मुलांनाही मिळू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‍घाटन झाले, त्यांत बुलढाणाही होते. काही बाळांत हा विकार ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाने होतो. तिथे पेशी ठीक, नसही ठीक, दोहोंच्या मधला निरोप्याच नाही. आईबाप दोघांकडून दोष आला तरच तो प्रकटतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांनी याचा विचार करावा. अशा सहा मुलांच्या कानांत शांघायच्या डॉक्टरांनी निरोगी जनुक सोडले आणि पाचांना ऐकू येऊ लागले, हे जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सगळे वाचले की मन भरून येते. पण यातल्या कुठल्याही दारापर्यंत मुलाला न्यायचे, तर आधी घरात कुणीतरी आईचे वाक्य पुरते ऐकावे लागते.

आमची मुलगी आता सात वर्षांची आहे. कानयंत्र लावून पाहिले. थोडा उपयोग झाला, पुरेसा नाही. नस सावरते का याची वाट पाहिली. त्या काळात भावजयीने तिला खुणा शिकवल्या, आणि आम्हा सर्वांना शिकायला लावल्या. भाषा कानातूनच यावी असा हट्ट धरून मूल उपाशी ठेवायचे नाही, हे तिला कुणी सांगावे लागले नाही. चौथ्या वर्षी इम्प्लांट झाले. लेझीमच्या मैदानात हलगी आणावी तसे ते आहे. तंतूंना ताल मिळाला. सगळे मिटले असे नाही. लग्नाच्या मांडवात ती अजून हरवून जाते आणि आईच्या हातांकडे बघते. पण ती बोलते, आणि आमच्या घरात सर्वांत जास्त बोलते.

तिला शिकवताना श्रवणतज्ज्ञांनी आम्हाला एक नियम घालून दिला होता. 'ऐकलंस का?' असे कधी विचारायचे नाही. मूल मान डोलावते आणि आपण फसतो. 'काय ऐकलंस?' असे विचारायचे. तो नियम मी वर्गात नेला आहे. त्याने पाठ निम्म्या वेगाने होतात, आणि मुख्याध्यापक कुरकुरतात.

गेल्या भाऊबिजेला मी माहेरी गेले होते. दुपारी करंज्यांचे डबे भरीत बसले होते, आणि ती माझ्या मांडीला टेकून शाळेतली लांबलचक गोष्ट सांगत होती. कुणाची पेन्सिल, कुणी घेतली, मग बाईंनी काय केले. मी डबा भरता भरता म्हणत होते, "हूं... हूं..."

ती थांबली. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले.

"आत्या, हूं नको म्हणू. मी काय म्हटलं ते सांग."

मला पेन्सिलीपुढचे काहीच सांगता येईना. चुलीपाशी भावजय पाठमोरी बसली होती; तिचे खांदे हलताना दिसले, हसत असावी. मी डब्याचे झाकण लावले, हात पुसले, आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून सांग, बाई."

तिने सांगितली. पेन्सिल तिचीच होती.